धार बारीक, दाब भारी

ठिकाण: अमेरिकेच्या टेनेसी राज्यात, ग्रेट स्मोकी माउंटन्सच्या पायथ्याशी असलेला एक खासगी ट्रेलर पार्क. काळ: लेबर डेच्या जोडून आलेल्या सुट्टीतला शनिवार आणि त्यानंतरची पहाट. कुटुंब अटलांटात राहणारं मराठी: नवरा-बायको, दोन मुलं आणि साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आलेली आई. शनिवारी संध्याकाळी त्यांची तक्रार एवढीच होती, की ट्रेलरच्या नळांना प्रेशर नाही. रविवारी पहाटे त्याच ट्रेलरच्या फरशीवर पाणी पसरलं होतं आणि तळाचं लाकूड फुगायला लागलं होतं.

आमचा ट्रेलर त्याच पार्कात वरच्या ओळीत होता. पहाटे त्या घरातल्या नवऱ्याचा, म्हणजे माझ्या मित्राचा, फोन आला तेव्हा व्हायचं ते होऊन गेलं होतं. पुढचा घटनाक्रम मी त्यांच्याशी आणि पार्कच्या माणसाशी बोलून, आणि सकाळी हातात आलेले सुटे भाग बघून जुळवला आहे. नावं मुद्दाम घेत नाही. कारण हे कोणाही सुजाण कुटुंबाच्या बाबतीत होऊ शकतं आणि ते होऊ नये, एवढ्यासाठीच हे लिहितो आहे.

शनिवार, दुपारी ३:०० (अकरा तास शिल्लक)

इंटरस्टेट ७५ वरून, चट्टनूगामार्गे आलेला ट्रेलर पार्कात लागतो. राष्ट्रीय उद्यानाच्या स्वतःच्या कॅम्पग्राउंडमध्ये नळजोडणी आणि वीजजोडणी मिळत नाही, म्हणून ज्यांना ती हवी ते सगळे बाहेरच्या खासगी पार्कांत येतात. हा पार्क डोंगराच्या उतारावर आहे. स्वतःची विहीर, पंप, वर डोंगरावर टाकी, आणि तिथून उताराने खाली येणारी पाइपलाइन. मित्राला मिळालेली जागा सगळ्यात खालच्या ओळीत, ओढ्याकाठी. पार्कातली सगळ्यांना हवी असणारी जागा हीच.

जोडणी रीतसर होते. जागेवरच्या खांबाच्या नळाला आधी पितळी रेग्युलेटर, त्याला पाण्याचा फिल्टर, मग होज, आणि होजचं दुसरं टोक ट्रेलरच्या बाजूला असलेल्या पाण्याच्या तोंडात. रेग्युलेटर म्हणजे बोटभर लांबीची पितळी नळी. बाहेरचा दाब कितीही असो, आत ४० ते ५० पीएसआयच्या (पीएसआय म्हणजे दर चौरस इंचावरचे पौंड) वर जाऊ द्यायचा नाही, एवढंच तिचं काम. ट्रेलरच्या नळांना ४० ते ६० पीएसआय पुरतो.

एक गोष्ट मात्र कोणाच्याच नजरेस आलेली नाही. बाथरूमच्या बेसिनखाली, जिथे पेक्स या प्लास्टिकचा पाइप नळाला भेटतो, तिथे एक प्लास्टिकचा नट असतो. तो हाताने आवळायचा असतो. हायवेवर कित्येक तास हादरे खाऊन हा नट किंचित सैल झाला आहे. अजून थेंबही गळत नाही.

संध्याकाळी ५:४० (आठ तास वीस मिनिटं शिल्लक)

मुलं जवळच्या लिटल रिव्हर नदीत ट्यूबवर बसून तरंगून आली आहेत. अंगभर वाळू. आंघोळी सुरू होतात आणि शॉवरमधून येते ती करंगळीएवढी धार. आतून वहिनींची हाक येते, "अरे, डोक्यातला शाम्पूच निघत नाहीये. जरा बाहेर बघ ना काय झालंय!"

या घटकेला पार्कातल्या जवळजवळ प्रत्येक ट्रेलरमध्ये हेच चाललं आहे. सगळे एकदमच नदीवरून किंवा डोंगरावरून परतलेत, सगळ्यांचे शॉवर एकदमच चालू. एवढं पाणी एका पाइपलाइनमधून धावायला लागलं की पाइपांशी होणाऱ्या घर्षणात दाब खर्ची पडतो. हे पहिलं कारण. दुसरं कारण रेग्युलेटरचं: साध्या पितळी रेग्युलेटरचा आतला मार्ग अरुंद असतो, त्यामुळे तो दाबाबरोबर प्रवाहही थोडा आवळतो. आणि तिसरं, सगळ्यात मोठं कारण कोणी पाहिलेलंच नाही. होज जिथे ट्रेलरला जोडतात त्या तोंडात रबरी वायसरच्या मधोमध बारीक जाळी असते. आतापर्यंतच्या सगळ्या सहलींची वाळू, गंजाचे कण आणि क्षार त्या जाळीवर साठले आहेत.

संध्याकाळी ६:१५ (पावणेआठ तास शिल्लक)

हा सगळ्यात मोलाचा अर्धा तास. कारण नेमका दोष कुठे आहे, हे इथे दोन मिनिटांत कळलं असतं.

बहुतेक कॅम्पर ट्रेलरना पाणी दोन वाटांनी मिळतं. एक बाहेरच्या नळातून, दुसरी आतल्या टाकीतून बारा व्होल्टच्या पंपाने. मित्राच्या टाकीत निम्मं पाणी होतं. खांबाचा नळ बंद करायचा, पंपाचं बटण दाबायचं आणि तोच शॉवर उघडायचा. पंपावर धार जोमदार आली, तर आतले पाइप आणि नळ निर्दोष आहेत, दोष बाहेर आहे: होज, फिल्टर, जाळी, रेग्युलेटर किंवा पार्कची लाइन. पंपावरही धार बारीकच राहिली, तर दोष आत आहे. मग बघायचं, की एकाच नळाला धार कमी आहे का. असेल तर त्याच्या तोंडाची जाळी काढून व्हिनेगरमध्ये भिजत घालायची. फक्त गरम पाण्याची धार कमी असेल तर हीटरच्या मागची बायपासची चावी अर्धवट उघडी राहिली आहे का ते पाहायचं. सगळ्याच नळांना गार-गरम दोन्ही कमी असेल तर मूळ तोंडाकडे जायचं.

शिवाय त्या वेळची अडचण पंपाने लगेच निभावलीही असती. त्या संध्याकाळच्या आंघोळी टाकीच्या पाण्यावर झाल्या असत्या, पार्कची गर्दी ओसरेपर्यंत थांबायची गरजच नव्हती. पण "पाणी नळाला लावलंय, मग टाकीचं कशाला वापरायचं" असं बहुतेकांना वाटतं. टाकी आणि पंप फक्त जंगलात मुक्काम असेल तेव्हाचे, हा समज ट्रेलरवाल्यांमध्ये खोल रुजलेला आहे.

संध्याकाळी ६:४५ (सव्वासात तास शिल्लक)

शेजारच्या जागेतला एक जुना, अनुभवी ट्रेलरवाला येऊन सांगतो, की रेग्युलेटर काढून टाक, मीही तेच करतो. पाच मिनिटांत रेग्युलेटर बाहेर येतो आणि फिल्टर थेट खांबाच्या नळाला लागतो.

धार लगेच वाढते. तुडुंब नाही, पण शाम्पू निघण्याइतकी. हा पुरावा मित्राला पुरेसा वाटला, आणि वाटणारच. पण तो पुरावा फसवा होता. जाळी अजून तुंबलेलीच होती. तिच्या मागचा रेटा वाढला म्हणून तिच्यातून थोडं जास्त पाणी ढकललं गेलं, इतकंच. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली होती. तुंबलेली जाळी जागेवर राहिली आणि आतल्या पाइपांची राखण करणारा एकुलता एक भाग ड्रॉवरमध्ये जाऊन पडला.

इथे दाब आणि प्रवाह यांतला फरक नीट समजून घ्यायला हवा, कारण सगळी आपत्ती त्या फरकातून आली. नळ उघडा असताना पाणी जाळीतून धावतं, तेव्हा जाळी त्याचा दाब खाते आणि पलीकडे बारीक धार येते. माणसाला वाटतं दाबच कमी आहे. पण सगळे नळ बंद केले की पाणी थांबतं, आणि थांबलेल्या पाण्यात जाळीच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो. जाळी कितीही तुंबलेली असो, बाहेरचा पूर्ण दाब आतल्या प्रत्येक सांध्यापर्यंत पोचतो. म्हणजे दिवसा ज्या ट्रेलरला पाणी पुरत नाही, त्याच ट्रेलरचे पाइप रात्री फाटू शकतात. तुंबलेली जाळी संरक्षण देत नाही. ते फक्त रेग्युलेटर देतो.

रात्री ८:०० (सहा तास शिल्लक)

जेवणं झाली, भांडी घासून झाली. आईंना रात्री गरम पाणी लागतं म्हणून हीटर चालूच ठेवला आहे. पाण्याबद्दल आता कोणाची तक्रार नाही. पार्कात शेकोट्या पेटल्या आहेत.

रात्री १०:०० (चार तास शिल्लक)

पार्कात शांततेची वेळ सुरू होते. आंघोळी, भांडी, कपडे सगळं थांबतं. पाइपलाइनमधलं पाणी उभं राहतं, घर्षण संपतं, आणि डोंगरावरच्या टाकीची उंची आपला पूर्ण हिशोब मांडते.

हिशोब सोपा आहे. पाण्याची दहा मीटर उंची म्हणजे सुमारे १४ पीएसआय. टाकी साठ मीटर वर असेल तर खाली सुमारे ८५ पीएसआय मिळतो. म्हणून एकाच पार्कात वरच्या ओळीला आणि खालच्या ओळीला वेगळा दाब असतो, आणि ओढ्याकाठच्या जागेला सगळ्यात जास्त. अमेरिकेतल्या प्लंबिंगच्या नियमांप्रमाणे घराला येणारा दाब ८० पीएसआयच्या वर असेल तर घरात दाब उतरवणारा व्हॉल्व्ह बसवावाच लागतो. इथे तो व्हॉल्व्ह ड्रॉवरमध्ये होता.

रात्री १२:३० (दीड तास शिल्लक)

हीटर मधेच पेटतो आणि स्वतःच्या टाकीतलं पाणी पुन्हा तापवतो. तापलेलं पाणी फुगतं. घरात ते थोडंसं मागे, रस्त्यावरच्या पाइपात सरकू शकतं. ट्रेलरमध्ये तसं होत नाही, कारण बाहेरच्या तोंडातच एकेरी व्हॉल्व्ह असतो, पाणी आत घेणारा पण बाहेर न सोडणारा. हीटरमध्ये हवेचा थोडा पोकळ भाग असतो, तो हा फुगवटा झेलतो. तो भरून गेला असेल तर सगळा ताण सांध्यांवर येतो. हीटरला स्वतःचा सुरक्षा व्हॉल्व्ह असतो, पण तो साधारण १५० पीएसआयला उघडतो. त्याच्या कितीतरी आधी प्लास्टिकचा सैल नट हार मानतो.

पेक्सचा पाइप या सगळ्यात निर्दोष आहे. गार पाण्याला तो १६० पीएसआयपर्यंत झेलेल असा बनवलेला असतो. ट्रेलरमध्ये पाइप क्वचित फाटतो, सुटतात ते सांधे: नळाखालचे नट, कमोडच्या पाण्याचा प्लास्टिकचा व्हॉल्व्ह, फिल्टरचं भांडं.

रविवार, पहाटे २:०० (शून्य)

नेमकी वेळ सांगता येत नाही. पण आई दीडच्या सुमारास बाथरूमला गेल्या तेव्हा जमीन कोरडी होती. सापडलं तेव्हा साचलेलं पाणी पाहता दोनच्या आगेमागेच नटाचे आटे निसटले.

आणि तरीही कोणाला काही कळलं नाही. याची तीन कारणं आहेत. बेसिनच्या कपाटाच्या तळाला पाइप खाली न्यायला भोक असतं. पाणी आधी त्या भोकातून तळाखाली गेलं. तिथे लाकडी तळ आणि खालचं काळं प्लास्टिकचं आवरण यांच्यामध्ये थंडीपासून बचावासाठी कापसासारखं अस्तर असतं. ते सगळं पाणी पीत राहिलं. वर एअर कंडिशनरचा आवाज सतत चालू. आणि सगळ्यात महत्त्वाचं: पंप बंद होता.

टाकी आणि पंपावर ट्रेलर असता, तर सांधा सुटताच पंप घरघरायला लागला असता आणि थांबलाच नसता. बिछान्याखालून येणाऱ्या त्या आवाजाने कोणीतरी जागं झालं असतं. नाही झालं तरी टाकीत असेल तेवढंच पाणी गेलं असतं. पूर्ण भरलेली टाकीही चाळीस गॅलन, म्हणजे १५० लिटर. बाहेरच्या नळाला ना आवाज ना अंत. मिनिटाला सहा लिटर धरलं तरी दोन तास वीस मिनिटांत ८४० लिटर पाणी होतं.

पहाटे ४:२०

आई पुन्हा उठतात. पलंगावरून पाय खाली टाकतात आणि तळवे भिजतात. त्यांनी पहिली हाक मुलाला मारली, "अरे बाळा, ऊठ. पायाखाली सगळं पाणी आहे." आणि पाय परत वर घेऊन त्या पलंगावरच बसून राहिल्या. सुनेला आणि नातवंडांनाही त्यांनी तशाच आवाजात सांगितलं, "कोणी खाली उतरू नका." सातारच्या घरात पावसाळ्यात पाणी शिरलं की दिवे-पंख्यांना हात लावायचा नाही, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. त्या रात्री ते सगळ्यांच्या कामी आलं. मित्र दाराशेजारीच झोपला होता, तो रबरी चपला घालून तडक बाहेर गेला. आधी विजेच्या खांबाचा ब्रेकर पाडला, मग पाण्याचा नळ बंद केला, मग बाहेरून बॅटरीचा स्विच बंद केला. बॅटरी विसरायची नसते. खांबाची वीज गेली तरी ट्रेलरमधलं बारा व्होल्टचं जाळं चालूच राहतं.

टॉर्च घेऊन खाली वाकून पाहिलं तेव्हा तळाचं काळं आवरण म्हशीच्या भरल्या कासेसारखं लोंबत होतं. आम्ही पोचलो तेव्हा त्याला एका कोपऱ्यात चीर देऊन पाणी सोडायचं काम चाललं होतं.

सकाळी ६:३०

माझ्याकडे नळाला लावायचा दाबमापक आहे. दहा-पंधरा डॉलरचं साधन. मित्राच्या खांबाला तो लावला. काटा ९२ वर. वरच्या ओळीत आमच्या खांबाला ७०. साडेनऊला लोक आंघोळींना लागल्यावर मित्राच्याच खांबाला परत लावला, तर ४८. तोच नळ, तेच पाणी, तीन तासांत दाब जवळजवळ निम्मा. पार्कच्या माणसाला हे ठाऊक होतं. खालच्या ओळीत रात्री नव्वदीच्या घरात जातो, असं तो सहज म्हणाला. पण कुठे लिहिलेलं नव्हतं.

मग होज सोडून ट्रेलरच्या तोंडातला वायसर नखाने उचकटला. जाळी तांबूस-पांढऱ्या थराने भरली होती. उजेडाकडे धरली तर आरपार दिसत होती ती जेमतेम चार-दोन भोकं. शनिवारच्या बारीक धारेचं खरं कारण माझ्या तळहातावर होतं. ब्रशने घासून धुवायला मिनिटही लागलं नाही. तसाच वायसर नवा घ्यायचा म्हटला तर दुकानात काही डॉलरला मिळतो.

सोमवार आणि पुढे

भिजलेलं लाकूड २४ ते ४८ तासांत वाळवलं नाही तर बुरशी धरते, असं अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था सांगते. घराच्या भिंती उघडून पंखे लावता येतात. ट्रेलरचा तळ मात्र वरून विनाइल आणि खालून प्लास्टिक यांच्यामध्ये बंद असतो. भाड्याने आणलेले पंखे लेबर डेचा सगळा दिवस चालले, तरी बाथरूमपासून पलंगापर्यंतच्या लाकडी फळ्या कडांनी फुगल्या आणि पायाखाली दबायला लागल्या. कपाटं, पलंग, कमोड सगळं काढल्याशिवाय तो तळ बदलता येत नाही. ट्रेलर त्या मोसमात पुन्हा रस्त्यावर आला नाही.

विम्याचा प्रश्न वेगळा. अशा विम्यात साधारणपणे अचानक झालेलं नुकसान धरतात, हळूहळू झिरपून झालेलं धरत नाहीत. म्हणून सुटलेला नट, तुंबलेली जाळी, मापकाचे आकडे, वेळेसकट फोटो, सगळं त्याच सकाळी जपून ठेवलं.

हे टाळता येतं

प्रेशर कमी वाटलं की हात रेग्युलेटरकडे जाऊ नये, यासाठी क्रम पाठ असावा. आधी खांबाच्या नळाचा दाब मापकावर वाचायचा. मग पंपावर धार बघायची. मग होजला कुठे पीळ पडलाय का. मग फिल्टर काढून पाहायचा. मग तोंडातली जाळी. शेवटी नळाच्या आणि शॉवरच्या जाळ्या. हे सगळं करूनही रेग्युलेटरच अडवतोय असं ठरलं, तर तो काढायचा नाही, बदलायचा. मोठ्या तोंडाचा, वरती मापक असलेला आणि स्क्रूने दाब बसवता येणारा रेग्युलेटर मिळतो. तो प्रवाह फारसा न आवळता दाब धरून ठेवतो. तो ५० वर लावायचा आणि विसरून जायचं.

रेग्युलेटर आहे म्हणून निर्धास्त राहू नये. प्रत्येक लांब प्रवासानंतर बेसिनखालचे नट, कमोडमागचा व्हॉल्व्ह आणि फिल्टरचं भांडं हाताने तपासायचं. आणि झोपताना किंवा ट्रेलर सोडून फिरायला जाताना खांबाचा नळ बंद करायचा. रात्री पाणी लागलं तर पंप आहे.

पार्कचालकांनाही एक मागणं आहे. विजेच्या खांबावर किती अँपिअर ते लिहिलेलं असतंच. तसंच पाण्याच्या नळावर त्या जागेचा रात्रीचा दाब लिहा. महिन्यातून एकदा मध्यरात्री मापक लावून आकडा टिपायला एका माणसाचा तासभर जाईल. ओढ्याकाठच्या त्या नळावर "रात्री ९२" एवढं लिहिलेलं असतं, तर माझ्या मित्राने रेग्युलेटर काढला नसता. शेजाऱ्यानेही तो काढायला सांगितलं नसतं.